परसबागेत फुलपाखरे यावीत आणि राहावीत यासाठी: खाद्यथाळी, चिखलपान आणि आसरा

आपल्या प्रश्नाचा सारांश असा आहे. पुण्यात तळमजल्यावरील घराभोवती सुमारे एक गुंठ्याची बाग आहे. तीत आंब्याचे एक मोठे झाड, हिरवळ आणि काही शोभेची झाडे आहेत. फुलपाखरे यावीत म्हणून आपण बाटलीत साखरेचे पाणी भरून, झाकणाला स्पंज लावून ती फांदीला टांगली. तिच्यावर मुंग्या आणि गांधीलमाश्या आल्या, फुलपाखरे मात्र आली नाहीत. साखरेचे प्रमाण चुकले का, आणि उभ्या चिरा असलेले लाकडी फुलपाखरू-घर बनवून टांगल्यास उपयोग होईल का, असे आपण विचारले आहे.

साखरेच्या प्रमाणात आपले काही चुकलेले नाही, आणि लाकडी घराचा खर्च व श्रम वाचवावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. घरी बनवता येण्यासारख्या आणि आपल्या हवामानात खरोखर उपयोगी पडणाऱ्या गोष्टी आहेत. त्या कशा कराव्यात हे पुढे सविस्तर सांगतो. मात्र आधी एक गोष्ट लक्षात घेणे आवश्यक आहे. पंख असलेले फुलपाखरू ही त्या जिवाच्या आयुष्यातील शेवटची अवस्था असते आणि बहुतेक जातींमध्ये ती काही आठवड्यांचीच असते. त्या काळात नराला मादी शोधायची असते आणि मादीला अंडी घालण्यासाठी योग्य झाड शोधायचे असते. ते झाड आपल्या बागेत नसेल, तर वाटेत मिळालेल्या गोड घोटासाठी मादी थांबली तरी राहणार नाही. म्हणून बाटली, थाळी, परळ हे सर्व पूरक आहे. मूळ काम पानांचे आहे, आणि तीही अळ्यांनी खाल्लेली पाहण्याची आपली तयारी असली पाहिजे.

प्रथम साखरपाण्याविषयी. एक भाग साखर आणि दहा भाग पाणी, हे मिश्रण उकळून थंड केले तर फुलपाखरांना चालते. त्यात रंग घालण्याचे कारण नाही आणि मध तर मुळीच घालू नये, कारण पातळ केलेला मध फार लवकर आंबतो व त्यातून रोगजंतू पसरू शकतात. तरीही उघड्या बागेत साखरपाणी टांगून ठेवण्याची शिफारस मी करत नाही. उन्हात ते एका दिवसात आंबते, स्पंजावर बुरशी धरते, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे ते नेमक्या नको त्या पाहुण्यांना बोलावते. गांधीलमाश्या आणि त्यांच्या जवळच्या कागदी पोळी बांधणाऱ्या माश्या स्वतः गोड पितात, परंतु आपल्या पिलांना भरवण्यासाठी अळ्यांची शिकार करतात. मुंग्या लहान अळ्या आणि अंडी उचलून नेतात. म्हणजे ज्या बाटलीने फुलपाखरे वाढावीत अशी आपली इच्छा आहे, तीच त्यांच्या पुढच्या पिढीच्या शिकाऱ्यांना बागेत रोज हजेरी लावायला शिकवते. भर पावसात कोशातून बाहेर पडलेले किंवा दमलेले एखादे फुलपाखरू सापडले, तर कापसाच्या बोळ्यावर साखरपाण्याचे थेंब घेऊन ते त्याच्यापुढे ठेवावे. साखरपाण्याचा खरा उपयोग एवढाच आहे.

याउलट पिकलेल्या फळांची थाळी आपल्या बागेत चांगली चालेल, आणि त्याचे कारण आपले आंब्याचे झाड हे आहे. फळांवर येणारी फुलपाखरे फुलांवर दिसणाऱ्यांपेक्षा बहुतांशी वेगळी असतात. शेपटीवाली मोठी फुलपाखरे किंवा पिवळी-पांढरी फुलपाखरे फळांकडे सहसा फिरकत नाहीत. तेथे येतात कॉमन बॅरन, कॉमन इव्हिनिंग ब्राउन, बुशब्राउन, आणि डोंगराजवळच्या भागात ब्लॅक राजा, कॉमन नवाब अशी सावलीत वावरणारी, झाडाच्या जखमेतून झिरपणारा चीक आणि खाली पडून आंबलेली फळे यांवर जगणारी मंडळी. कॉमन बॅरनची अळी आंब्याच्याच पानांवर वाढते. पानाच्या मधल्या शिरेवर ती लांबट बसते आणि तिच्या दोन्ही बाजूंचे हिरवे पिसासारखे काटे पानावर असे पसरतात की, शेजारी उभे राहूनही ती नजरेस पडत नाही. म्हणजे आपल्या झाडावर ही अळी कदाचित आताही असेल.

थाळीसाठी कुंभाराकडे मिळणारी मातीची उथळ परळ घ्यावी. प्लास्टिकची बशी उन्हात तापते आणि निसरडी असते, मातीच्या परळीवर फुलपाखराच्या पायांना पकड मिळते. काळी पडलेली केळी सालीसकट कुस्करून त्यात थोडा गूळ मिसळावा आणि ते मिश्रण झाकणाच्या डब्यात एक-दोन दिवस ठेवावे. आंबूस वास येऊ लागला की ते तयार झाले असे समजावे. जास्त पिकलेला पेरू, पपई, अननसाच्या साली, कोकणात असल्यास काजूची बोंडे किंवा फणसाचे टाकाऊ गरे हेही उत्तम. परळ सुतळीने आंब्याच्या खालच्या फांदीला, छातीच्या उंचीवर, अर्ध्या सावलीत टांगावी. मुंग्यांसाठी सुतळीच्या वरच्या टोकाला एरंडेल तेलात बुडवलेली चिंधी घट्ट गुंडाळावी, आणि तेल सुकले की पुन्हा लावावे. परळ टांगण्याऐवजी विटांवर ठेवायची असेल तर घरात साखरेच्या डब्याखाली ठेवतात तशी पाण्याची ताटली तिच्याखाली ठेवावी.

या थाळीबाबत एक काळजी मात्र कसोशीने घ्यावी. कुजणाऱ्या फळात फळमाशी अंडी घालते, आणि आठवडाभर तेच फळ पडून राहिले तर आपण आपल्या आणि शेजाऱ्यांच्या आंबा, पेरू यांसारख्या फळांवरील कीड स्वतःच्या हाताने वाढवतो. म्हणून दर दोन दिवसांनी परळ रिकामी करून धुवावी आणि जुने मिश्रण खड्ड्यात पुरावे किंवा बंद खतपेटीत टाकावे. रात्री उंदीर आणि वटवाघळे येतात, त्यामुळे अंधार पडल्यावर थाळी आत घ्यावी. परंतु सूर्यास्तानंतर लगेच नव्हे, कारण इव्हिनिंग ब्राउन हे फुलपाखरू संधिप्रकाशातच सर्वांत जास्त फिरते. पावसाळ्याच्या जोरात थाळी लावण्यात अर्थ नाही, मिश्रण पाणचट होऊन जाते.

फळांच्या थाळीपेक्षाही मला चिखलपानाची, म्हणजे फुलपाखरांना ओल्या मातीतून पाणी शोषता येईल अशी, जागा अधिक महत्त्वाची वाटते, आणि ती बनवणे सर्वांत सोपे आहे. ओढ्याकाठच्या ओल्या वाळूवर किंवा गोठ्याबाहेर गोमूत्र मुरलेल्या जमिनीवर फुलपाखरे थव्याने बसलेली आपण पाहिली असतील. ती बहुतेक सर्व नर असतात. मकरंदात साखर असते पण क्षार, विशेषतः सोडियम, फारच थोडे असते; ते मिळवण्यासाठी नर ओल्या मातीत सोंड खुपसून पाणी ओढत राहतात आणि मिलनाच्या वेळी त्यातील काही भाग मादीकडे पोहोचतो. जवळ जाऊन, आपली सावली अंगावर पडणार नाही अशा बेताने बसून पाहिल्यास, काही फुलपाखरांच्या पोटाच्या टोकातून स्वच्छ पाण्याचे थेंब ठरावीक अंतराने बाहेर पडताना दिसतात. एकीकडे सोंडेतून पाणी आत येत असते, क्षार शरीरात राहतात आणि उरलेले पाणी लगेच बाहेर टाकले जाते.

यासाठी कुंडीखाली ठेवण्याची रुंद थाळी किंवा मोठी परळ जमिनीत काठापर्यंत पुरावी. तीत दोन भाग जाडसर वाळू, एक भाग लाल किंवा काळी माती आणि मूठभर मुरलेले शेणखत कालवून भरावे, वर चिमूटभर जाडे मीठ आणि असल्यास थोडी लाकडाची राख भुरभुरावी. एका बाजूला उन्हात तापणारा चपटा दगड ठेवावा, कारण सकाळी उडण्यापूर्वी फुलपाखरांना पंख पसरून अंग तापवावे लागते. ही जागा सकाळपासून दुपारपर्यंत ऊन मिळेल अशी निवडावी. माती सतत ओलसर राहिली पाहिजे पण वर पाणी साचता कामा नये. फुलपाखरे उघड्या पाण्यावर बसू शकत नाहीत, आणि साचलेल्या पाण्यात डासांची पैदास होते. मीठ वाढवल्याने फुलपाखरे वाढत नाहीत, उलट शेजारच्या झाडांची मुळे खराब होतात. मार्च ते मे या महिन्यांत, जेव्हा बाहेर ओलावा कोठेच उरत नाही, तेव्हा या परळीचे मोल सर्वाधिक असते.

आता मुख्य विषयाकडे येतो. प्रत्येक जातीच्या अळीची खाद्यवनस्पती ठरलेली असते. काही जाती दोन-चार नातलग वनस्पतींवर वाढतात, तर काही एकाच वनस्पतीवर. कढीपत्त्याचे उदाहरण घेऊ, कारण ते बहुतेक घरी असते आणि तेथे सर्व काही डोळ्यांसमोर घडते. लाइम बटरफ्लाय किंवा कॉमन मॉर्मन, ज्याला मराठीत बहुरूपी म्हणतात, त्याची मादी झाडाभोवती अडखळत, पंख सतत फडफडत फिरते, एका पानावर टेकते, पुढच्या पायांनी ते झपाझप ठोकरते आणि उडून दुसऱ्या पानावर जाते. तिच्या पायांवर रसायने ओळखणारी इंद्रिये असतात. पान योग्य जातीचे आहे की नाही हे ती अशा रीतीने तपासते. खात्री पटली की कोवळ्या पानावर मोहरीपेक्षाही लहान, फिकट पिवळे, गोल असे एकच अंडे घालून ती निघून जाते. तीन-चार दिवसांत बाहेर येणारी अळी काळपट-पांढरी, हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारखी असते. शेवटची कात टाकल्यावर ती हिरवीगार होते, आणि काडीने डिवचल्यास डोक्यामागून लालसर, दुहेरी शिंगासारखा अवयव बाहेर काढून लिंबूवर्गीय झाडांच्या उग्र वासाने शत्रूला दूर ठेवते. त्यानंतर ती बहुधा झाड सोडून जाते आणि एखाद्या काडीला किंवा भिंतीला रेशमाचा पट्टा कमरेभोवती घेऊन कोश करते. अंड्यापासून फुलपाखरापर्यंतचा हा प्रवास अनुकूल दिवसांत साधारण एका महिन्यात पुरा होतो.

येथे घरोघरी एकच अडचण येते. कुंडीतले दोन फुटी कढीपत्त्याचे रोप दोन-तीन मोठ्या अळ्या चार दिवसांत निष्पर्ण करतात आणि स्वयंपाकघरातून तक्रार येते. यावर उपाय असा की रोपे तीन किंवा चार ठेवावीत. एकावर मच्छरदाणीच्या कापडाचे आच्छादन घालून ते फोडणीसाठी राखावे आणि बाकीची अळ्यांसाठी मोकळी सोडावीत. निष्पर्ण झालेले रोप मरत नाही, पाणी व शेणखत दिल्यावर ते दाट फुटते. जागा असेल तर लिंबू, पपनस किंवा बेल यांपैकी एक झाड जमिनीत लावावे. महाराष्ट्राने 2015 मध्ये राज्य फुलपाखरू म्हणून घोषित केलेले नीलवंत, म्हणजेच ब्लू मॉर्मन, याच कुळातील झाडांवर वाढते, आणि पुण्यासारख्या शहरातही झाडी असलेल्या भागांत ते बागेत येते.

पुढचे झाड मी रुई सांगेन. शनिवारी मारुतीला ज्याच्या पानांचा हार घालतात तीच ही रुई. प्लेन टायगर, म्हणजे बिबळ्या कडवा, तिच्यावर अंडी घालतो. तिच्या चिकातील विषारी द्रव्ये अळी आपल्या शरीरात साठवते, ती पंख फुटल्यावरही राहतात, आणि त्यामुळे पक्षी हे फुलपाखरू टाळतात. रुई मोकळ्या प्लॉटवर आपोआप उगवते, मुरमाड जमिनीत वाढते आणि काडीपासूनही लागते. तिचा चीक डोळ्यात गेल्यास गंभीर इजा होते, म्हणून छाटताना हातमोजे घालावेत आणि लहान मुलांच्या वाटेवर ती लावू नये. रुईला जागा नसल्यास हळदीकुंकू या नावाने रोपवाटिकेत मिळणारे, लाल-पिवळ्या फुलांचे झुडूप लावावे. त्यावर कडव्याच्या अळ्या वाढतात आणि त्याच्या फुलांवर इतर अनेक फुलपाखरे मकरंदासाठी येतात.

ज्यांच्याकडे केवळ खिडकीची जाळी आहे त्यांना मी नेहमी पानफुटी लावायला सांगतो. रेड पिएरो हे छोटे, काळे-पांढरे आणि नारिंगी फुलपाखरू तिच्यावर अंडी घालते. अळी पानाच्या आत शिरते आणि वरची व खालची त्वचा तशीच ठेवून मधला गर खात पुढे सरकते. पान उन्हासमोर धरले तर तिची फिकट वाट आणि आत हलणारी अळी दोन्ही दिसतात. पाने फोडासारखी फुगून तपकिरी झाली म्हणजे रोग पडला असे समजून लोक ती तोडून फेकतात. ती तशीच राहू द्यावीत.

आपल्या एक गुंठ्यात यापलीकडे काय सामावेल हे मी क्रमाने मोजत बसत नाही, पण निवडीसाठी काही नावे देतो. कुंपणावर कृष्णकमळाचा वेल सोडल्यास टॉनी कॉस्टर येते. सोनचाफा, रामफळ किंवा सोसायट्यांच्या कडेने लावतात तो उंच आसूपालव असल्यास हिरव्या ठिपक्यांचे, क्षणभरही स्थिर न बसणारे टेल्ड जे येते. पावसाळ्यात आपोआप उगवणारा टाकळा उपटला नाही तर पिवळी, पांढरी एमिग्रंट फुलपाखरे त्यावर अंडी घालतात. कोरांटीवर पॅन्सी गटातील फुलपाखरे वाढतात, चित्रकावर झेब्रा ब्लू, कण्हेरीवर कॉमन क्रो म्हणजे हबशी. कण्हेरीच्या पानाखाली लटकलेला हबशीचा कोश चांदीच्या पत्र्यासारखा चमकतो. शेजारच्या झाडावर बांडगूळ असेल तर ते सर्वच काढून टाकू नये, हळदीकुंकू या नावाचे देखणे फुलपाखरू, म्हणजे कॉमन जेझेबेल, त्याच्यावरच वाढते. हिरवळीचा एक कोपरा न कापता वाढू दिला तर इव्हिनिंग ब्राउन आणि इतर तपकिरी फुलपाखरांच्या अळ्यांना गवत मिळते. ठाण्यात घोडबंदर रस्त्याजवळील ओवळेकर वाडी हे या पद्धतीचे चांगले उदाहरण आहे. एका शेतजमिनीवर खाद्यवनस्पती आणि मकरंद देणारी झाडे लावून तेथे फुलपाखरे आणली गेली, ना त्यांना पिंजऱ्यात ठेवले ना बाहेरून आणून सोडले. शक्य असल्यास पावसाळा सरल्यावर तेथे एक सकाळ घालवावी.

मकरंदासाठी फुले निवडताना रंगापेक्षा रचना पाहावी. भरगच्च पाकळ्यांच्या संकरित जातींमध्ये मकरंदापर्यंत सोंड पोहोचत नाही किंवा मकरंदच नसतो. त्यामुळे एकेरी जास्वंद, एकेरी झिनिया, साधा कॉसमॉस, सदाफुली, एक्झोरा आणि पेंटास ही फुले लावावीत. पेंटासच्या दोन कुंड्या मी प्रत्येक बागेत असाव्यात असे म्हणेन, कारण ते ऊन मिळाले तर जवळजवळ वर्षभर फुलते. भूतकेस आणि कृष्णकिरीट ही झुडपे मोठ्या शेपटीवाल्या फुलपाखरांना विशेष प्रिय आहेत. आणि कृपया एकदांडी उपटू नका. कंबरमोडी, दगडी पाला अशा नावांनी ओळखले जाणारे, लांब दांड्यावर बोटभर रुंदीचेही नसलेले फूल येणारे हे तण लहान निळ्या फुलपाखरांचा आणि पॅन्सींचा आधार आहे. घाणेरीवर फुलपाखरे भरपूर येतात हे खरे आहे, तरीही ती मी लावू देत नाही. पक्षी तिची फळे खाऊन बिया टेकड्यांवर नेतात आणि तेथील स्थानिक झुडपे, म्हणजे अनेक फुलपाखरांच्या अळ्यांचे अन्न, ती दाबून टाकते.

कडव्यांसाठी, म्हणजे टायगर गटातील फुलपाखरांसाठी, आणि हबशीसाठी घरी करता येण्यासारखी एक वेगळीच खाद्ययोजना आहे, जी फारशी कोणाला ठाऊक नसते. खुळखुळा आणि भुरुंडी या वनस्पतींमध्ये असलेली अल्कलॉइड द्रव्ये या फुलपाखरांच्या नरांना मादीला आकर्षित करणारा गंध तयार करण्यासाठी लागतात. या वनस्पतींच्या फांद्या तोडून, उन्हात कोमेजू देऊन, सैल जुडी बांधून सावलीत टांगल्या तर ब्लू टायगर, स्ट्राइप्ड टायगर आणि हबशी त्यांना लोंबकळून तासन्‌तास चिकटून राहतात, सोंडेने रस सोडून पृष्ठभाग भिजवतात आणि तो पुन्हा शोषून घेतात. जुडी वाळून कडक झाल्यावरही तिच्यावर थोडे पाणी शिंपडले की ती पुन्हा उपयोगी पडते. साखरपाण्याच्या बाटलीच्या जागी टांगायचेच असेल तर ही जुडी टांगावी. गुराढोरांना मात्र ती मिळू देऊ नये, कारण ही द्रव्ये त्यांच्या यकृताला घातक असतात.

आता आसऱ्याविषयी. चिरा पाडलेले लाकडी घर ही कल्पना थंड देशांतील आहे, जेथे काही जातींची प्रौढ फुलपाखरे बर्फाचे महिने झाडाच्या ढोलीत किंवा सालीखाली निपचित काढतात. पुण्याच्या हिवाळ्यात त्यांना तशी गरज पडत नाही, आणि आपल्या बागेतल्या जाती अशा पेटीत शिरत नाहीत. तिच्यात कोळी, पाली, झुरळे आणि पुन्हा त्याच कागदी पोळ्यांच्या माश्या राहतात. आपल्याकडे फुलपाखराला आसरा लागतो तो दोन गोष्टींपासून: रात्री शिकाऱ्यापासून आणि पावसाळ्यात नैर्ऋत्येकडून येणाऱ्या पाऊस-वाऱ्यापासून. पहिल्यासाठी ती पानांच्या खालच्या बाजूस, उंच गवताच्या काडीवर किंवा वाळलेल्या बारीक फांदीला पाठीमागे मुडपलेल्या पंखांनी लटकून झोपतात. कडवे आणि हबशी तर एकाच वाळक्या फांदीवर रांगेने बसतात. म्हणून करंज किंवा पेरूच्या वाळलेल्या, बारीक काटक्या असलेल्या दोन-तीन फांद्या ओसरीच्या किंवा छज्जाच्या खाली, भिंतीपासून हातभर दूर, सैल बांधून ठेवाव्यात. बागेच्या नैर्ऋत्य बाजूला मेंदी, अडुळसा किंवा कोरांटीचे दाट कुंपण केले तर वारा अडतो आणि आतल्या फुलांवर फुलपाखरांना बसता येते. वाऱ्यात हेलकावणाऱ्या फुलावर ती फार वेळ टिकत नाहीत.

दुसरा आसरा म्हणजे आंब्याखालचा पालापाचोळा. इव्हिनिंग ब्राउन दिवसभर त्यातच बसून असते, आणि पाऊस सरल्यावर जन्मणाऱ्या त्याच्या पिढीच्या पंखांवरील डोळ्यांसारखे ठिपके जवळजवळ नाहीसे होऊन पंख थेट वाळक्या पानासारखे दिसू लागतात. हा पाला रोज झाडून जाळला तर त्यासोबत फुलपाखरेही जातात. निदान झाडाच्या बुंध्याभोवतीचा एक वाफा झाडू न लावता ठेवावा.

या संदर्भात दिवाळीच्या सफाईचा उल्लेख करणे मला अगत्याचे वाटते. पश्चिम महाराष्ट्रात फुलपाखरांचा भर सप्टेंबरच्या अखेरीपासून नोव्हेंबरपर्यंत असतो, आणि नेमक्या त्याच दिवसांत आपण कुंड्या घासतो, भिंतींना रंग देतो, वाळक्या काटक्या काढून टाकतो. अळ्या कोश करण्यासाठी झाड सोडून कुंडीच्या काठाखाली, कंपाउंडच्या भिंतीवर, खिडकीच्या चौकटीच्या कोपऱ्यात जातात, हे वर सांगितलेच आहे. रंगकाम सुरू होण्यापूर्वी या जागा एकदा नजरेखालून घालाव्यात. काडीवरील कोश असल्यास काडीसह कापून, उभी-आडवी स्थिती आहे तशी ठेवून, सावलीतल्या झुडपात दोऱ्याने बांधावा. भिंतीवरचा कोश खरवडू नये, तेवढा हातभर भाग आठ-पंधरा दिवस न रंगवता ठेवावा.

कीटकनाशकांविषयी तडजोड शक्य नाही. रासायनिक फवारणीबरोबरच निंबोळी अर्क आणि जैविक म्हणून विकले जाणारे बीटी जिवाणूंचे मिश्रण हेही अळ्यांना मारते. बीटी तर अळ्यांसाठीच बनवलेले असते. मावा किंवा पिठ्या ढेकूण पडल्यास पाण्याचा जोरदार फवारा किंवा ओल्या फडक्याने पुसणे पुरेसे होते. रोपवाटिकेतून आणलेल्या रोपांना मुळावाटे भिनणारी औषधे दिलेली असू शकतात आणि त्यांची पाने खाऊन अळ्या काही आठवडे मरत राहतात. म्हणून नव्या रोपाची जुनी पाने छाटावीत आणि त्याला नवी फूट येईपर्यंत त्यावर अंडी आढळल्यास ती दुसऱ्या, खात्रीच्या झाडावर हलवावीत. डासांसाठी सोसायटीत धुराची फवारणी होते तेव्हा कर्मचाऱ्यांना बागेचा भाग वगळण्याची विनंती करावी आणि त्याबदल्यात बागेत कोठेही पाणी साचू न देण्याची जबाबदारी आपण घ्यावी. अशी लेखी विनंती बहुतेक वेळा मान्य होते.

अळ्यांपैकी पुष्कळशा पक्षी, कोळी आणि परजीवी माश्या नेतील, हे गृहीत धरावे. अळ्या डब्यात घरात वाढवण्याचा मोह टाळावा. दाटीने ठेवल्या तर त्यांच्यात रोग झपाट्याने पसरतो. शिवाय काही जातींना वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 अन्वये संरक्षण आहे, त्यामुळे जात ओळखता येत नसताना पकडून ठेवणे कायद्याच्या दृष्टीनेही योग्य नाही.

कामाचा क्रम आपल्या बागेपुरता असा ठेवावा. बाटली आजच उतरवावी आणि त्या फांदीला फळांची परळ टांगावी. आंबा असल्यामुळे पहिला परिणाम तेथेच दिसेल. चिखलपानाची थाळी याच आठवड्यात पुरता येईल. पहिल्या चांगल्या पावसानंतर कढीपत्ता, लिंबू, रुई किंवा हळदीकुंकू आणि कृष्णकमळ जमिनीत जावे, पानफुटी आणि पेंटास कुंडीत. हिरवळीचा चौथा हिस्सा, शक्यतो भिंतीलगतचा, गणपतीपासून पुढे कापू नये. अंडी घालणारी मादी पहिल्याच पावसाळ्यात कढीपत्त्यावर येण्याची शक्यता चांगली आहे. लिंबावर आणि सोनचाफ्यावर मात्र झाड छातीइतके वाढून त्याला वारंवार कोवळी पालवी येऊ लागेपर्यंत वाट पाहावी लागेल. या काळात लिंबाला दर दोन महिन्यांनी हलकी छाटणी द्यावी म्हणजे पावसाळा संपल्यावरही कोवळी पाने मिळत राहतील.